हद्द कुणाची आणि केव्हाची? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

इतिहास लिहिताना ‘देश’, ‘राष्ट्र’, ‘प्रदेश’ हे शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने वापरायचे, याविषयी विद्यार्थी, शिक्षक, अनुवादक आणि हौशी अभ्यासकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : राष्ट्र, देश, राज्य हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. इतिहासाच्या लेखनात ते चालेल का?

बोलताना चालते. लिहिताना मात्र त्यातून घोटाळा होतो, आणि तो लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. कामापुरता फरक असा धरावा. राज्य म्हणजे सत्ता : कर कोण घेतो, न्याय कोण देतो, फौज कुणाची. देश म्हणजे भूमी. राष्ट्र म्हणजे ‘आपण एक आहोत’ असे मानणारा आणि त्या एकपणाच्या बळावर राजकीय हक्क मागणारा समाज. हे तिन्ही एकाच रेषेत नेमके बसले आहेत, असे उदाहरण मुद्दाम शोधावे लागते. पोलंडच्या १७९५ मधल्या तिसऱ्या फाळणीनंतर १९१८ पर्यंत स्वतंत्र पोलिश राज्य नव्हते, पण पोलिश राष्ट्राची चळवळ याच काळात वाढली. उलट ऑस्ट्रिया-हंगेरी हे भलेमोठे राज्य होते, पण ‘आम्ही ऑस्ट्रिया-हंगेरी राष्ट्राचे’ असे म्हणणारा समाज तिथे उभा राहिला नाही.

शब्द जुना असला म्हणून आजचा अर्थही जुना ठरत नाही. राष्ट्रकूटांच्या काळात ‘राष्ट्र’ हा कारभाराचा विभाग होता आणि ‘विषय’ हा त्याच्या पोटातला विभाग. युरोपातही तेच. मध्ययुगीन पॅरिस विद्यापीठात चार ‘नात्सिओ’ होत्या : फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन आणि इंग्लिश. ‘नात्सिओ’ हा लॅटिन शब्द म्हणजे आजच्या ‘नेशन’चा पूर्वज. पण तिथल्या इंग्लिश नात्सिओत जर्मन आणि स्कँडिनेव्हियन मंडळीही होती, आणि फ्रेंच नात्सिओत इटालियन व स्पॅनिश. विद्यापीठाचा कारभार चालवण्यासाठी केलेले ते गट होते. तेराव्या शतकातल्या कागदात हा शब्द दिसला आणि अनुवादकाने ‘राष्ट्र’ लिहून टाकले, की सहाशे वर्षांनंतरची कल्पना त्या माणसांच्या तोंडी घातली जाते.

म्हणून साधने वाचताना तीन रकाने आखा. पहिल्यात मूळ शब्द जसाच्या तसा, दुसऱ्यात तो कुणी वापरला, आणि तिसऱ्यात त्या वाक्यात त्याच्या समोर ‘परके’ म्हणून कोण उभे आहे. तिसरा रकाना सर्वांत उपयोगी पडतो. ‘आमचे लोक’ या शब्दांसमोर शेजारचे गाव असेल तर अर्थ एक, दुसरा धर्म असेल तर दुसरा, आणि दुसऱ्या राजाची सगळी प्रजा असेल तर तिसरा. पन्नास-साठ नोंदी झाल्या की त्या काळातला अर्थ आपोआप पुढे येऊ लागतो. त्याआधी व्याख्या ठरवायची घाई करू नये.

प्रश्न : जर्मनी १८७१ मध्ये एक झाली. मग त्याआधीचा ‘जर्मनीचा इतिहास’ लिहायचा तर जर्मनी म्हणजे कुठून कुठपर्यंत?

उदाहरण उत्तम निवडले आहे, कारण इथे चार उत्तरे शक्य आहेत आणि चारही वेगवेगळा नकाशा देतात.

पहिले उत्तर राजकीय चौकटीचे. १८१५ ते १८६६ या काळात ३९ राज्यांच्या आसपास सभासद असलेला जर्मन महासंघ होता. तो धरला तर बोहेमिया, म्हणजे प्राग, आत येते आणि पूर्व प्रशिया, म्हणजे क्योनिग्सबर्ग, बाहेर राहते. दुसरे उत्तर भाषेचे. ते धरले तर व्हिएन्ना, झुरिक, अल्सास, ट्रान्सिल्व्हेनियातल्या जर्मन वसाहती आणि व्होल्गाकाठचे जर्मन शेतकरीही आत येतात. तिसरे उत्तर आजच्या सीमांचे. त्यात स्ट्रासबर्ग नाही, ब्रेस्लाऊ नाही, क्योनिग्सबर्ग नाही. चौथे उत्तर त्या काळच्या लोकांच्या दाव्यांचे, आणि इथे भांडणच हाती लागते. एप्रिल १८४८ मध्ये फ्रँकफर्टच्या जर्मन सभेच्या तयारीसाठी बोहेमियाचे इतिहासकार पालात्स्की यांना बोलावणे आले. आपण चेक आहोत, असे लिहून त्यांनी ते नाकारले. बोलावणाऱ्यांच्या मते बोहेमिया जर्मनीत होता, ज्यांना बोलावले त्यांच्या मते नव्हता.

यातले कोणते बरोबर? तुमचा प्रश्न जकातीचा असेल तर महासंघही पुरत नाही, १८३४ चा जकात संघ धरावा लागेल. त्यात ऑस्ट्रिया नाही. प्रश्न साहित्याचा असेल तर भाषेची हद्द. प्रश्न राष्ट्रवादाचा असेल तर चौथे उत्तर, कारण मग हद्दीचा वाद हाच तुमचा विषय आहे. आजच्या सीमांची निवड आम्ही एकाच ठिकाणी मान्य करू : आजच्या सरकारी दफ्तरांची किंवा वारसास्थळांची यादी करायची असेल तर. बाकी ठिकाणी ती केवळ सोयीची असते.

निवड प्रस्तावनेत उघड लिहावी. नमुना असा : ‘या पुस्तकात जर्मनी म्हणजे १८१५ ते १८६६ या काळातला जर्मन महासंघ, अधिक पूर्व प्रशिया. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या मुलखातला बोहेमिया महासंघाच्या सभेपुरता घेतला आहे. स्वित्झर्लंडमधील जर्मन भाषक घेतलेले नाहीत, कारण या पुस्तकाचा विषय भाषा नसून कारभार आहे.’ तीन वाक्यांत हद्द, साल, कारण आणि गाळलेला भाग, सगळे आले. गाळलेला भाग सांगणे बहुतेकजण विसरतात, आणि टीकाकार पहिला हात तिथेच घालतात.

आणखी एक तपासणी हाताने करा. मसुदा झाल्यावर पेन्सिल घेऊन ‘जर्मनीने ठरवले’, ‘जर्मनीला वाटले’ अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढा. १८४० मध्ये ठरवणारे कोण होते? प्रशियाचा राजा, बव्हेरियाचे मंत्रिमंडळ, हँबर्गचे व्यापारी, की वर्तमानपत्रे? कर्ता बदलून वाक्य टिकले तर ठेवा. कर्ता सापडलाच नाही, तर ते वाक्य पुराव्यातून आलेले नाही.

प्रश्न : कोपर्निकस पोलिश की जर्मन?

जन्म १४७३, तोरून. हा भाग १४६६ पासून पोलंडच्या राजाच्या सत्तेखालच्या प्रशियात मोडत होता. शिक्षण क्राकुफ आणि इटलीत. ग्रंथलेखन लॅटिनमध्ये, काही पत्रे जर्मनमध्ये. बोलोन्या विद्यापीठात १४९६ च्या सुमारास त्यांचे नाव जर्मन ‘नात्सिओ’त नोंदले गेले, हा शब्द कसा वाचायचा ते वर आलेच आहे. पुढे १५२०-२१ मध्ये ट्युटॉनिक सरदारांविरुद्ध, म्हणजे जर्मन लढवय्या धर्मसंघाविरुद्ध, ओल्श्तिनच्या बचावात ते पोलिश राजाच्या बाजूने होते. एवढे लिहावे. एका शब्दात शिक्का मारला की यातल्या निम्म्या गोष्टी वाचकापासून लपवल्या जातात. कोशातल्या नोंदीत एक शब्द द्यावाच लागत असेल तर ‘रॉयल प्रशियातील खगोलज्ञ, पोलंडच्या राजाचे प्रजाजन’ असे लिहून मोकळे व्हावे.

प्रश्न : एखाद्या काळी राष्ट्र खरोखर होते की नव्हते, हे कशावरून ठरवायचे? पुढाऱ्यांची भाषणे आणि कवींच्या रचना हा पुरावा पुरेसा आहे का?

पुरेसा नाही. भाषणावरून भाषण करणाऱ्याचे मन कळते. ऐकणाऱ्याने काय केले, याचा पुरावा वेगळा शोधावा लागतो. फ्रेंच विचारवंत एर्नेस्त रेनाँ यांनी १८८२ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात राष्ट्राला ‘रोज घेतला जाणारा कौल’ म्हटले होते, आणि राष्ट्र घडायला बऱ्याच गोष्टी विसराव्या लागतात हेही सांगितले होते. पण रोजचा कौल कोणत्याच दफ्तरात साठवलेला नसतो. त्याच्या खुणा गोळा कराव्या लागतात.

खुणा मांडायला चेक इतिहासकार मिरोस्लाव्ह ह्रोख यांची तीन टप्प्यांची मांडणी आजही कामाची आहे. पहिल्या टप्प्यात मूठभर अभ्यासक भाषा, लोकगीते, जुने ग्रंथ गोळा करतात. राजकीय मागणी नसते. दुसऱ्यात प्रचारक येतात, मंडळे निघतात, वर्गणी जमते. तिसऱ्यात चळवळ सर्वसामान्यांत पसरते. मग पुरावा टप्प्याटप्प्याने शोधता येतो. पहिल्यासाठी ग्रंथसूची आणि पत्रव्यवहार. दुसऱ्यासाठी सभासदांच्या याद्या, आणि त्यांत नावांपेक्षा पेशे बघा : शिक्षक किती, पाद्री किती, शेतकरी किती. तिसऱ्यासाठी मतदान, वर्गणीच्या लहान लहान रकमा, पाळलेले बंद, वर्तमानपत्रांचा खप. हमखास होणारी चूक म्हणजे पहिल्या टप्प्यातला कोशकार दाखवून तिसरा टप्पा सिद्ध झाला असे मानणे. दोहोंत पन्नास वर्षे जाऊ शकतात. काही ठिकाणी तिसरा टप्पा येतच नाही, आणि अशी ठिकाणे इतिहासातून गळतात, कारण त्यांच्याविषयी लिहायला पुढे कुणी उरत नाही.

जुनी आणि बलाढ्य राज्येही या कसोटीतून सुटत नाहीत. फ्रान्स घ्या. १८६३ च्या सरकारी पाहणीनुसार ३७,५१० कम्यूनपैकी (कम्यून म्हणजे गावपातळीवरचा कारभाराचा विभाग) ८,३८१ कम्यूनमध्ये फ्रेंच बोलली जात नव्हती. क्रांतीला सत्तर वर्षे होऊन गेल्यावरची ही स्थिती. मात्र यावरून ‘ते लोक स्वतःला फ्रेंच मानत नव्हते’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे उलटी उडी. अल्सासच्या खेड्यात जर्मन बोली बोलणारा माणूस क्रांतीचा कट्टर पाठीराखा असू शकत होता. भाषेच्या आकड्यातून भाषा कळते. निष्ठा कळायला दुसरे कागद लागतात.

जनगणनेचे तक्ते वापरताना आधी प्रश्नावली काढा, मग तक्ता. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ऑस्ट्रियन भागात १८८० पासून ‘रोजच्या व्यवहाराची भाषा’ विचारत. माणशी एकच भाषा, ठरलेल्या यादीतून, आणि त्या यादीत यिडिश नव्हती. यिडिश बोलणारे लाखो ज्यू त्यामुळे पोलिश, जर्मन अशा रकान्यांत विखुरले गेले. हंगेरीच्या भागात प्रश्न मातृभाषेचा होता. घरात स्लोव्हाक आणि कारखान्यात जर्मन बोलणारा माणूस या दोन प्रश्नांना दोन उत्तरे देईल. दोन्ही तक्ते एकाखाली एक जोडून ‘साम्राज्यातील राष्ट्रे’ असा आलेख काढणारी पुस्तके आहेत. तो आलेख दोन वेगळ्या वस्तूंची बेरीज असतो.

पोलंडच्या १९३१ च्या जनगणनेतले एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. पोलेसिये या दलदलीच्या प्रांतात मातृभाषेचा प्रश्न विचारला, तेव्हा सुमारे ७ लाख ७ हजार लोकांची नोंद ‘तुतेइशी’ म्हणून झाली. अर्थ ‘इथलीच’. प्रांतातल्या दहापैकी सहाहून अधिक माणसांची ही नोंद. या आकड्याचे काय करायचे? एक पक्ष म्हणतो, हे बेलारूसी आणि युक्रेनीच, त्यांना त्या रकान्यांत टाका. दुसरा म्हणतो, त्यांची संख्या कमी दिसावी म्हणून अधिकाऱ्यांनी हा रकाना वाढवला. तिसरा म्हणतो, त्यांना राष्ट्रच नव्हते. आमचे मत स्पष्ट आहे : ही ओळ तक्त्यात स्वतंत्र राहिली पाहिजे. गणकाच्या दबावाची शक्यता तळटीपेत नोंदवा, शेजारच्या प्रांतांशी तुलना करा, पण सात लाख माणसांच्या नावापुढची नोंद खोडून आपल्या सोयीची भरू नका.

सरकारे मात्र असे रकाने बिनदिक्कत भरतात आणि माणसांना त्याप्रमाणे हलवतात. जानेवारी १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. बोलताना आपण ‘ग्रीक’ इकडे आणि ‘तुर्क’ तिकडे गेले असे म्हणतो. करारातली कसोटी धर्माची होती. त्यामुळे तुर्की बोलणारे अनातोलियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, कारामानली म्हणून ओळखले जाणारे, ग्रीसला गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानला. या घटनेवर लिहिताना पहिल्या उल्लेखात कसोटी सांगितलीच पाहिजे. नाहीतर पोहोचल्यावर त्यांची भाषा शेजाऱ्यांना का कळेना, हे वाचकाला उमगणार नाही.

प्रश्न : जुन्या राज्यांच्या सीमा नकाशावर कशा दाखवाव्यात? पाठ्यपुस्तकांतले रंगीत नकाशे विश्वासार्ह असतात का?

रंगीत पट्टा आणि त्याला काळी किनार, ही आजच्या राज्याची आकृती आहे. जुनी सत्ता बहुधा माणसांवर, गावांवर आणि रस्त्यांवर चाले, सलग जमिनीवर नव्हे. १६५९ च्या पिरेनीज तहाने फ्रान्स आणि स्पेन यांची सीमा डोंगरावर नेली. सेर्दान्याच्या खोऱ्यात स्पेनने ३३ ‘खेडी’ द्यायची ठरली. लीविया हे ‘खेडे’ नसून नगर आहे, असा मुद्दा पुढे आला आणि ते स्पेनकडेच राहिले. आजही ते चहूबाजूंनी फ्रान्सने वेढलेले आहे. तहात रेघ नव्हती, गावांची यादी होती. ओळीने क्रमांक घातलेले ६०२ सीमादगड बसले ते १८६८ च्या सुमारास, दोनशे वर्षांनी. १७०० सालचा नकाशा काढताना तिथे बारीक रेघ ओढली तर ती त्या काळात नव्हतीच.

पूर्व आणि आग्नेय आशियात तर एकाच मुलखावर दोन धनी असणे नेहमीचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंबोडियाचा राजा सयाम आणि व्हिएतनाम या दोघांनाही नजराणे पाठवी. र्‍युक्यू बेटे १६०९ पासून जपानच्या सात्सुमा सरदारांच्या अंमलाखाली होती, आणि तरीही चीनच्या दरबारी खंडणी पाठवत होती. चिनी दूत आले की जपानी खुणा लपवल्या जात. १८७९ मध्ये जपानने ती बेटे खालसा करून ओकिनावा प्रांत केला. १७५० च्या नकाशात त्यांना कोणता रंग देणार? आडव्या-उभ्या रेघा एकमेकींवर टाकून दोन्ही हक्क दाखवा, हाच मार्ग.

नकाशा काढणाऱ्यांनी एवढे पाळावे. नकाशावर एकच साल असावे. ‘सोळावे शतक’ लिहिलेल्या नकाशात शंभर वर्षांतल्या सगळ्या जिंकलेल्या भूमी एकदम राज्यात दिसतात. किल्ले, ठाणी, जकातनाकी यांचे ठिपके आधी टाका, कारण त्यांचा पुरावा असतो. ठिपक्यांमधली जागा रंगवताना वाळवंट, जंगल, डोंगरमाथा यांवर रंग फिका करा किंवा सोडून द्या. थेट अंमल, मांडलिक आणि केवळ दावा, या तिघांना तीन वेगळ्या खुणा ठेवा. अशा नकाशाला चकचकीतपणा येत नाही, पण तो खोटे बोलत नाही.

प्रश्न : सीमा बदलत असतील तर दोन काळांची लोकसंख्या किंवा उत्पन्न यांची तुलना कशी करायची?

आधी बदल किती मोठा आहे ते बघा. फ्रान्सच्या १८६६ च्या गणनेत लोकसंख्या सुमारे ३ कोटी ८१ लाख होती, १८७२ मध्ये सुमारे ३ कोटी ६१ लाख. वीस लाखांची घट. यातले सुमारे सोळा लाख लोक मेले नाहीत की कुठे गेले नाहीत. अल्सास-लोरेन जर्मनीकडे गेल्यामुळे ते मोजणीबाहेर पडले. हा भाग वजा न करता ‘युद्धात झालेली हानी’ म्हणून वीस लाख लिहिले, तर चूक पाचपटीच्या घरात जाते. हिंदुस्थानच्या १९३१ च्या सुमारे ३५ कोटींच्या आकड्यात ब्रह्मदेशातले जवळपास दीड कोटी लोक आहेत. ब्रह्मदेश १९३७ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे १९४१ शी तुलना करताना ते आधी काढून ठेवावे लागतात.

रीत अशी. एक साल निवडा आणि त्या सालची हद्द सगळ्या काळासाठी कायम धरा. मग प्रत्येक गणनेतून शक्य तितक्या लहान घटकाचे आकडे घ्या, गाव किंवा तालुका पातळीचे, आणि ते त्या कायम हद्दीत पुन्हा बेरजेला लावा. लहान घटकाचे आकडे नसतील तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करतात, आणि तिथे गाडी घसरते. समजा, ४,००० चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात ८ लाख लोक आहेत आणि त्यातला १,००० चौरस किलोमीटरचा तुकडा पलीकडे गेला. प्रमाणाने २ लाख लोक गेले असे येते. पण ३ लाखांचे शहर त्याच तुकड्यात असेल तर? उरलेले ५ लाख ग्रामीण लोक सारखे पसरलेले धरले, तर तुकड्यात १ लाख २५ हजार. शहरासह ४ लाख २५ हजार. म्हणजे पहिला अंदाज निम्म्याहूनही कमी निघाला. म्हणून शहरे आधी वेगळी काढावीत आणि उरलेल्यावरच क्षेत्रफळाचे प्रमाण लावावे. असा काढलेला आकडा तक्त्यात तिरप्या अक्षरात द्यावा, मोजलेला सरळ अक्षरात.

प्रश्न : राष्ट्रांऐवजी ‘प्रदेश’ घेऊन लिहिले तर या अडचणी टळतात का? उदाहरणार्थ मध्यपूर्व, आग्नेय आशिया.

टळत नाहीत, त्यांचे रूप बदलते. ‘मध्यपूर्व’ हा शब्द रूढ होण्यात अमेरिकी नौदल अधिकारी अल्फ्रेड महान यांच्या १९०२ च्या लेखाचा मोठा हात आहे. नजर इराणच्या आखातावर आणि विषय आरमारी डावपेच. ‘पूर्व’ कुणाच्या पूर्वेला, हे उघड आहे. म्हणून पुष्कळजण ‘पश्चिम आशिया’ लिहितात, आणि ते आम्हालाही पटते, पण शब्द बदलला की क्षेत्रही बदलते हे ध्यानात घ्या : मध्यपूर्वेत इजिप्त धरतात, पश्चिम आशियात कैरो बसत नाही. संगणकावर एक शब्द काढून दुसरा सगळीकडे घालणाऱ्या संपादकांची इथे हमखास फसगत होते.

‘आग्नेय आशिया’ सर्वतोमुखी झाला तो दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये माउंटबॅटन यांच्याकडे दिलेल्या लष्करी विभागामुळे. त्या विभागात फिलिपिन्स नव्हते. १९६७ मध्ये आसियान ही प्रादेशिक संघटना स्थापणाऱ्या पाच देशांत मात्र ते आहेत. मग या नावाने पंधराव्या शतकाचा इतिहास लिहूच नये का? लिहावा, पण सिद्ध करून. नाव उशिरा मिळाले म्हणून नाते नव्हते असे होत नाही. आतले संबंध बाहेरच्या संबंधांपेक्षा दाट होते का, हे मोजावे लागते : जहाजांच्या फेऱ्या, नाणी कुठवर सापडतात, सोयरिकी, पत्रे. ती दाटी जिथे विरळ होते तिथे तुमची कड.

कड ठरवायच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. फ्रेंच इतिहासकार फेर्नां ब्रोदेल यांनी १९४९ मध्ये भूमध्य समुद्राचा इतिहास मांडताना उत्तरेला ऑलिव्हच्या झाडांची आणि दक्षिणेला खजुरीच्या बनांची हद्द धरली, आणि व्यापार जिथे त्या पलीकडे गेला तिथे स्वतःही गेले. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ विल्यम स्किनर यांनी चीनचे प्रांत बाजूला ठेवून नदीखोऱ्यांवरून मोठे विभाग पाडले. मालाची ने-आण पाण्यावर स्वस्त, जमिनीवर महाग. म्हणून सखल खोऱ्यात दाट वस्तीचा गाभा आणि डोंगरात कड. प्रांताची सीमा अशा विभागांना मधेच कापते. प्रांताची सरासरी काढली की श्रीमंत गाभा आणि गरीब कड यांची भेसळ होते, आणि जो फरक अभ्यासायचा तोच पुसला जातो. डच अभ्यासक व्हिलेम फान स्खेंडेल यांनी २००२ मध्ये ‘झोमिया’ हे नाव दिले ते डोंगराळ पट्ट्याला. दक्षिण, पूर्व, आग्नेय आणि मध्य आशिया या चार अभ्यासक्षेत्रांच्या शिवणीवर पडल्यामुळे तो कुणाच्याच पुस्तकाच्या मध्यभागी येत नव्हता. पुढच्या मांडणीत सुमारे ३०० मीटरच्या वरचा मुलूख अशी त्याची उंचीवरून आखणी झाली.

नवशिक्यांची एक चूक इथे सांगायला हवी. ते आधी प्रदेश निवडतात, त्याची वैशिष्ट्ये गोळा करतात, आणि मग त्याच वैशिष्ट्यांवरून तो प्रदेश एक होता असे सिद्ध करतात. यातून सुटायचे तर कडेबाहेरचे निदान एक ठिकाण तुलनेला घ्या. आत जे आढळले ते तिथेही आढळले, तर तुमची कड चुकली आहे.

प्रश्न : एका शहराची चार नावे असतील तर कोणते लिहावे?

ज्या सालाविषयी लिहिता, त्या सालच्या कारभाराचे नाव मजकुरात; पहिल्या उल्लेखापाशी आजचे नाव. ऑस्ट्रियाच्या काळात लेम्बर्ग, दोन महायुद्धांच्या दरम्यान ल्वूफ, सोव्हिएत काळात ल्वोव्ह, आता युक्रेनमधले ल्विव्ह. एकाच परिच्छेदात चारही आली तर वाचक चार शहरे समजतो. प्रकरण अनेक राजवटींतून जात असेल तर एक नाव धरून चला आणि तसे सुरुवातीला सांगा. रहिवाशांची आपली नावेही असत : ब्रातिस्लावा हे अधिकृत नाव १९१९ चे, त्याआधी जर्मन लोक प्रेसबुर्ग म्हणत, हंगेरियन पोझोनी, स्लोव्हाक प्रेश्पोरोक. तहाचे नाव बदलू नये : डिसेंबर १८०५ चा तह प्रेसबुर्गचाच. क्योनिग्सबर्गला कालिनिनग्राड हे नाव १९४६ मध्ये मिळाले. तिथले तत्त्वज्ञ कांट १८०४ मध्ये वारले आणि ज्यांचे नाव शहराला दिले ते सोव्हिएत नेते कालिनिन जन्मले १८७५ मध्ये, तेव्हा ‘कांट यांचे कालिनिनग्राड’ लिहू नये.

शेवटच्या सूचीत प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद ठेवा आणि ‘पाहा’ म्हणून एकाच ठिकाणी आणा. पानांचे क्रमांक फक्त त्या एका नोंदीखाली. देवनागरीत उच्चार कोणत्या भाषेप्रमाणे घेतला, तेही सूचीच्या माथ्यावर एका ओळीत नोंदवावे.